सीमावर्ती भागातील सार्वजनिक आरोग्य आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक :

राज्याची अथवा राष्ट्राची सीमा ही शासनव्यवहाराच्या सोयीसाठी आखलेली रेषा असते. महसूल, न्याय, शिक्षण, भाषा या बाबी त्या रेषेनुसार विभागता येतात. परंतु रोगजंतू, नदीचे पाणी, डास आणि पोटासाठी स्थलांतर करणारा मजूर यांना ती रेषा मान्य नसते. त्यामुळे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न सीमावर्ती भागात नेहमीच अधिक गुंतागुंतीचा बनतो. आजारी माणूस एका बाजूचा, उपचार दुसऱ्या बाजूला आणि नोंद कोणाकडेच नाही, अशी स्थिती तेथे वारंवार उद्भवते.

या प्रश्नावर जगातील राष्ट्रांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत परस्पर सहकार्याची एक व्यवस्था उभी केली आहे. या व्यवस्थेच्या आजच्या स्वरूपास कारणीभूत ठरलेल्या घटनांपैकी एक मराठवाड्यात घडली, ही बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही. मराठवाड्यातील नांदेड व लातूर हे जिल्हे मात्र आजही अशा प्रदेशात आहेत, जेथे शेजारील राज्यांशी आरोग्यविषयक नियमित सहकार्याची यंत्रणा अपुरी आहे. प्रस्तुत लेखात आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या वाटचालीतून निघणारी तत्त्वे स्पष्ट करून ती या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर कशी लागू पडतात, याचे विवेचन केले आहे.

सीमेचे स्वरूप :

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस व आग्नेयेस तेलंगणातील आदिलाबाद, निर्मल, निजामाबाद व कामारेड्डी हे जिल्हे असून दक्षिणेस कर्नाटकातील बिदर जिल्हा आहे. लातूर जिल्ह्यातील उदगीर, देवणी व निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यास लागून आहेत. देगलूर तालुका तर तेलंगण व कर्नाटक अशा दोन्ही राज्यांना भिडलेला आहे.

ही सीमा प्राचीन नाही. हा संपूर्ण प्रदेश हैदराबाद संस्थानाचा भाग होता आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतरही १९५६ पर्यंत एकाच राज्यात होता. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यात मोडत. किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. तर मुधोळ, भैंसा, बिच्कुंदा व जुक्कल हा भाग नांदेड जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचना कायद्यान्वये १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषिक तत्त्वावर या प्रदेशाची विभागणी झाली. सोयरीक, बाजार, यात्रा, दर्गे आणि देवस्थाने मात्र पूर्वीप्रमाणेच राहिली. उदगीर भागातील रुग्ण आजही बिदरला जातो, धर्माबादचा निजामाबादला जातो आणि गंभीर आजारात या साऱ्या परिसराला हैदराबाद जवळचे वाटते. उलट दिशेने सीमेपलीकडील रुग्ण नांदेड, देगलूर व उदगीर येथील दवाखान्यांत येतात. माणसांचा हा व्यवहार अखंड आहे; खंड पडला आहे तो शासकीय नोंदींच्या व्यवहारात.

आंतरराष्ट्रीय सहकार्याची पूर्वपीठिका :

साथीच्या रोगांवर राष्ट्रांनी एकत्र येऊन विचार करण्याचा पहिला मोठा प्रयत्न १८५१ साली पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय स्वच्छता परिषदेत झाला. पटकीच्या साथींनी युरोप हादरला होता. तथापि परिषदेपुढील मुख्य प्रश्न रोग बरा कसा करावा हा नसून बंदरांत जहाजे किती दिवस अडकवून ठेवावीत हा होता. आरोग्य आणि व्यापार यांतील हा संघर्ष पुढील सर्व परिषदांत कायम राहिला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाल्यानंतर १८९७ साली व्हेनिस येथे केवळ प्लेगच्या प्रश्नावर परिषद भरली. त्याच वर्षी हिंदुस्थानात साथरोग कायदा अमलात आला. म्हणजेच या प्रदेशातील रोग आणि जगाचे आरोग्यविषयक करार यांचा संबंध जुना आहे.

१९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेची स्थापना झाल्यावर या विखुरलेल्या करारांना एक सामाईक चौकट मिळाली आणि १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली तयार झाली. मात्र या नियमावलीची भिस्त ठराविक रोगांच्या यादीवर होती. १९९४ पर्यंत त्या यादीत पटकी, प्लेग व पीतज्वर हे तीनच रोग उरले होते. एखाद्या देशाने प्रामाणिकपणे रोगाची माहिती दिल्यास इतर देशांनी त्याच्यावर अवाजवी निर्बंध लादू नयेत, अशी अपेक्षा नियमावलीत होती. ती पाळली जाईलच याची हमी नव्हती.

१९९४ : मराठवाड्यातील प्लेग आणि त्याचा जागतिक परिणाम :

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील अनेक गावे उद्ध्वस्त झाली. पडक्या घरांत साठवणीचे धान्य गाडले गेले, लोक तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. त्यानंतर वर्षभरातच, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी पिसवांचा उपद्रव वाढून ग्रंथिज्वराच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. भूकंपग्रस्त भागात धान्य व ओस घरे यांमुळे उंदरांची संख्या वाढली आणि रानातील उंदरांमधील जंतू वस्तीपर्यंत पोहोचला, अशी उपपत्ती काही तज्ज्ञांनी मांडली. भारतात १९६६ नंतर माणसांतील प्लेगची नोंद नव्हती. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगचा उद्रेक झाला आणि लाखो लोकांनी शहर सोडले.

या साथीतील संशयित रुग्णांची संख्या ८७६ व मृत्यूंची संख्या ५४ इतकी नोंदविली गेली. प्लेग जंतुनाशक औषधांनी बरा होणारा रोग आहे. त्यामुळे साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. परंतु जगाची प्रतिक्रिया रोगाच्या प्रमाणात नव्हती. अनेक देशांनी भारताकडील विमानसेवा स्थगित केली, भारतीय मालाची आयात रोखली, प्रवाशांना अडविले. नियमावलीस अनुसरून नसलेल्या या निर्बंधांमुळे देशाचे सुमारे दोन अब्ज डॉलरच्या घरात नुकसान झाल्याचा अंदाज त्या काळी व्यक्त झाला.

या अनुभवातून एक कटू सत्य पुढे आले. रोगाची माहिती उघड करणाऱ्यास शिक्षा आणि लपविणाऱ्यास सवलत मिळत असेल, तर कोणतेही शासन माहिती देण्यास उत्सुक राहणार नाही. १९९५ च्या जागतिक आरोग्य सभेने नियमावलीत सुधारणा करण्याचा ठराव केला. भारतातील प्लेग हे त्यामागील एक प्रमुख निमित्त होते. २००३ मधील सार्स साथीने या कामास गती मिळाली, २३ मे २००५ रोजी सुधारित नियमावली संमत झाली आणि १५ जून २००७ पासून ती अमलात आली. तिची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१) ठराविक रोगांची यादी प्रमाण न मानता आंतरराष्ट्रीय चिंतेचा विषय ठरू शकणारी कोणतीही आरोग्यविषयक घटना कळविणे बंधनकारक झाले. मूल्यमापनानंतर ही सूचना चोवीस तासांच्या आत द्यावयाची असते.

२) प्रत्येक देशात माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एक निश्चित केंद्र असावे लागते. भारतात ही जबाबदारी दिल्ली येथील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे आहे.

३) एखाद्या देशाने शिफारशींपलीकडे निर्बंध घातल्यास त्याचे शास्त्रीय कारण देणे आवश्यक ठरले.

४) शेजारी राष्ट्रांनी सामाईक भूसीमेवर परस्पर सहकार्याचे करार करावेत, यास उत्तेजन देण्यात आले.

कोविड महामारीच्या अनुभवानंतर या नियमावलीत २०२४ मध्ये आणखी दुरुस्त्या संमत झाल्या व त्या सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या. यादीपेक्षा दक्षता, लपविण्यापेक्षा कळविणे आणि अडविण्यापेक्षा सहकार्य हे मूळ सूत्र मात्र कायम आहे.

नारू निर्मूलन : सहकार्याचे यशस्वी उदाहरण :

सहकार्य काय साध्य करू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे नारूचे निर्मूलन होय. बारवा व पायऱ्यांच्या विहिरी असलेल्या कोरडवाहू प्रदेशात हा रोग दीर्घकाळ होता. दूषित पाण्यातील सायक्लॉप्स या सूक्ष्म जलजीवाबरोबर नारूच्या अळ्या पोटात जात. सुमारे वर्षभराने बहुधा पायातून हातभर लांबीचा जंतू बाहेर पडू लागे. आग शमविण्यासाठी रुग्ण बारवेच्या पाण्यात पाय बुडवी आणि अळ्या पुन्हा पाण्यात सुटत. या रोगावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते.

भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. १९८४ साली महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक यांसह सात राज्यांतील १२,८४० गावांमध्ये ३९,७९२ रुग्णांची नोंद झाली. पायऱ्यांच्या विहिरींचे रहाटाच्या विहिरींत रूपांतर करणे, हातपंप बसविणे, पाणी दुहेरी फडक्याने गाळणे, पाण्यात टेमेफॉस टाकणे आणि घरोघर जाऊन रुग्ण शोधणे, एवढीच साधने होती. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य लाभले. सर्व राज्यांत रुग्णाची व्याख्या, शोधमोहिमेची पद्धत आणि नोंदीचा नमुना एकच ठेवण्यात आला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला. त्यानंतर तीन वर्षे दक्षता ठेवण्यात आली व फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

या यशामागे कोणतेही महागडे तंत्रज्ञान नव्हते. एका राज्यात रुग्ण शोधून शेजारच्या राज्यात तो दुर्लक्षित राहिला असता तर सारा प्रयत्न वाया गेला असता; तसे घडू दिले नाही, हेच त्याचे रहस्य होय.

नांदेड-लातूर सीमेवरील प्रश्न :

या पार्श्वभूमीवर नांदेड व लातूरच्या सीमेवरील पुढील प्रश्न विचारात घेणे आवश्यक ठरते.

अ) स्थलांतर व क्षयरोग : या भागातील ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बांधकाम मजूर हैदराबाद व निजामाबादकडे जातात. साध्या क्षयरोगाचा उपचारही किमान सहा महिन्यांचा असतो. ऊसतोडीचा हंगाम आणि उपचाराचा काळ जवळपास सारखाच असल्याने गावात औषध सुरू झालेला मजूर मध्येच राज्याबाहेर जातो. उपचार खंडित झाल्यास जंतू औषधांना दाद देईनासे होतात आणि तोच रोग कोपीतील इतरांना होतो. २०१२ पासून सुरू झालेल्या ‘निक्षय’ या राष्ट्रीय नोंदप्रणालीमुळे रुग्णाची नोंद एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविता येते, ही मोठी सोय झाली आहे. तथापि नोंद गेली तरी माणूस औषधापर्यंत पोहोचला किंवा नाही, हे दोन्ही बाजूंच्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा प्रत्यक्ष संपर्क असल्याशिवाय कळत नाही.

आ) सामाईक नद्या : गोदावरी नांदेड शहरातून वाहत जाऊन धर्माबाद तालुक्यानंतर बासरजवळ तेलंगणात प्रवेश करते. मांजरा लातूर जिल्ह्यातून बिदर जिल्ह्यात, तेथून तेलंगणात जाऊन पुन्हा नांदेडच्या सीमेवर येते व गोदावरीस मिळते. वरच्या शहराचे सांडपाणी खालच्या गावाचे पिण्याचे पाणी ठरते. पाणीवाटपावर मात्र राज्यांमध्ये यंत्रणा आहे. बाभळी बंधाऱ्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल देऊन संयुक्त देखरेख समिती नेमण्याचा आदेश दिला; त्यानुसार दरवर्षी १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवले जातात. पाणी किती सोडावयाचे याची मोजदाद दोन राज्ये एकत्र बसून करू शकतात, तर ते पाणी पिण्यास कितपत योग्य आहे याचीही माहिती ती एकमेकांना देऊ शकतात.

इ) भेसळयुक्त शिंदी : धर्माबाद-बिलोली परिसर व लगतचा तेलंगण येथे शिंदीत क्लोरल हायड्रेटसारखी गुंगीची द्रव्ये मिसळण्याचा प्रकार जुना आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणात या भेसळीविरुद्ध कडक कारवाई झाली तेव्हा सवय जडलेल्या अनेकांना अचानक पुरवठा थांबल्याने गंभीर त्रास झाला व रुग्णालयांत गर्दी उसळली. अशा कारवाईची पूर्वकल्पना सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आरोग्य विभागांना असणे किती आवश्यक आहे, हे त्यावरून दिसते.

ई) यात्रा व साथ : नांदेड येथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे देशातून व परदेशांतून भाविक येतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्याने हजारो यात्रेकरू नांदेडमध्ये अडकले. एप्रिलच्या अखेरीस त्यांना पंजाबात नेण्यात आले. निघताना लक्षणांवर आधारित तपासणी झाली होती; प्रयोगशाळेतील चाचण्या पंजाबात पोहोचल्यावर झाल्या व शेकडो यात्रेकरू बाधित आढळले. संसर्ग नेमका कोठे झाला यावर दोन राज्यांत वाद झाला. निघण्याच्या व पोहोचण्याच्या ठिकाणी चाचणीचे निकष एकच असते तर वादास फारसा वाव उरला नसता. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे चाचणीचे प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात केली. उदगीर-बिदर मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या मजुरास व रुग्णास त्यामुळे १८५१ च्या पॅरिसमधील प्रश्नच सामोरा आला : रोग रोखावयाचा की माणूस अडवावयाचा?

उ) आरोग्य योजना : महाराष्ट्राची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेडचा समावेश होता, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते. तेलंगणाची आरोग्यश्री व कर्नाटकाची योजना स्वतंत्र आहेत. केंद्राच्या योजनेत राज्याबाहेर उपचाराची सोय असली तरी राज्यांच्या योजना प्रामुख्याने आपापल्या रहिवाशांपुरत्या व नोंदणीकृत रुग्णालयांपुरत्या असतात. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपली योजना कर्नाटकातील ८६५ वादग्रस्त सीमावर्ती गावांपर्यंत नेण्याचे ठरविले तेव्हा कर्नाटकाने त्यास आक्षेप घेतला. रुग्णाचे कार्ड हे सीमावादाचे साधन बनले की उपचाराचा मूळ हेतू मागे पडतो, हा बोध दोन्ही राज्यांनी घेण्यासारखा आहे.

घटनात्मक चौकट व तिच्यातील उणीव :

भारतीय संविधानात सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यसूचीत, तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सांसर्गिक रोगांचा प्रसार रोखणे हा विषय समवर्ती सूचीत आहे. म्हणजे संविधानकर्त्यांनी सीमेवरील रोगांचा प्रश्न स्वतंत्रपणे ओळखला होता. राज्यांच्या परस्पर प्रश्नांसाठी १९५६ च्याच कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. परंतु महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत आहे, तर कर्नाटक व तेलंगण दक्षिण विभागीय परिषदेत. त्यामुळे नांदेड-लातूरची सीमा नेमकी दोन परिषदांच्या मधल्या फटीत सापडली आहे. दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची तरतूद कायद्यात आहे. तिचा उपयोग आरोग्यासाठी करून घेता येईल.

२००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पामुळे जिल्हानिहाय साथींची माहिती नियमित गोळा होऊ लागली व २०२१ पासून ती नव्या संगणकीय मंचावर नोंदविली जाते. मात्र ही माहिती प्रामुख्याने जिल्ह्याकडून राज्याकडे व राज्याकडून दिल्लीकडे जाते. देगलूरची माहिती दिल्लीस पोहोचते. वीस-पंचवीस कोसांवरील बिदरच्या आरोग्य अधिकाऱ्यास ती त्याच दिवशी मिळेलच असे नाही.

करता येण्याजोगे उपाय :

या संदर्भात मेकाँग नदीच्या खोऱ्यातील प्रयोग मार्गदर्शक आहे. कंबोडिया, चीन, लाओस, म्यानमार, थायलंड व व्हिएतनाम या सहा देशांनी १९९९ पासून रोगदक्षतेचे सहकार्य सुरू केले. सीमेवरील समोरासमोरच्या प्रांतांच्या जोड्या ठरवून त्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकमेकांस थेट माहिती द्यावी, अशी ही पद्धत आहे. ज्या देशांत एकेकाळी युद्धे झाली, ते हे करू शकतात. एकाच देशातील तीन राज्यांना ते अवघड असण्याचे कारण नाही. त्या धर्तीवर पुढील उपाय सुचविता येतात :

१) देगलूर-औराद-जुक्कल, उदगीर-बिदर, धर्माबाद-बासर अशा लगतच्या भागांच्या जोड्या ठरवून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ठराविक काळाने बैठका घ्याव्यात.

२) डेंग्यू, हिवताप, अतिसार, श्वानदंश व क्षयरोग यांची माहिती सीमेपलीकडील अधिकाऱ्यास वरिष्ठांमार्फत न जाता थेट कळविण्याची मुभा द्यावी.

३) स्थलांतरित कुटुंबांसाठी लसीकरण, गर्भारपण व औषधोपचार यांचे मराठी, कन्नड व तेलुगू अशा तीन भाषांतील एकच कार्ड असावे.

४) गोदावरी व मांजरेच्या पाण्याच्या तपासणीचे निष्कर्ष पूर व टंचाईच्या काळात खालच्या गावांना तत्काळ मिळावेत.

५) नांदेड, लातूर, बिदर, निजामाबाद व आदिलाबाद येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी सीमावर्ती आजारांचा संयुक्त अभ्यास हाती घ्यावा.

निष्कर्ष :

आंतरराष्ट्रीय आरोग्य सहकार्याचा इतिहास पाहता दोन मार्ग दिसतात. पहिला नाक्यावर माणूस अडविण्याचा. तो दृश्य असतो, तातडीचा वाटतो, पण रोग बहुधा त्याआधीच पुढे गेलेला असतो. दुसरा मार्ग माहिती निर्भयपणे देण्याचा व दोन्ही बाजूंनी एकाच पद्धतीने काम करण्याचा. नारू याच मार्गाने गेला. १९९४ साली मराठवाड्याच्या एका लहान गावापासून सुरू झालेल्या घटनेने जगाला या दुसऱ्या मार्गाची निकड पटवून दिली आणि तिचे प्रतिबिंब आंतरराष्ट्रीय कायद्यात उमटले. तीच तत्त्वे आता मांजरा व गोदावरीच्या काठी अमलात येणे अगत्याचे आहे. ऊसतोडीला निघालेल्या क्षयरुग्णाच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय नियमावलीचा अर्थ एवढाच, की सीमेपलीकडच्या आरोग्य केंद्रात त्याचे नाव आधी पोहोचलेले असावे आणि त्याची औषधाची एकही मात्रा चुकू नये.